पी-मूल्य ०.०८ आले, आता प्रबंधाचे काय?

प्रश्न : मी भाषा-अध्यापन या विषयात पीएच.डी. करीत आहे. गोष्टीतून नवे शब्द शिकलेला एक गट आणि यादीवरून शिकलेला दुसरा गट, यांच्या गुणांची मी तुलना केली. दोन गटांच्या सरासरींतील फरक तपासणाऱ्या टी-चाचणीत पी-मूल्य ०.०८ आले; फरक ग्राह्य धरण्यासाठी ते ०.०५ पेक्षा कमी असावे असा रिवाज आहे, त्यामुळे तेव्हापासून लेखन ठप्प आहे. शाळेपासूनच गणिताची धास्ती असल्यामुळे मार्गदर्शकांना विचारण्याचा धीर होत नाही. विश्लेषण पैसे देऊन बाहेरून करून घ्यावे का?

उत्तर : संख्याशास्त्राची भीती मोजण्यासाठी १९८५ मध्ये एक खास प्रश्नावली तयार झाली, इतकी ती सर्वत्र आढळते. या प्रश्नावलीच्या सहा घटकांत स्वतःच्या आकडेमोडीविषयीचा अविश्वास आहेच. पण निष्कर्षाचा अर्थ लावण्याची धास्ती आणि मदत मागण्याचा संकोच हे घटकही स्वतंत्रपणे मोजले जातात. तुमचे घोडे या शेवटच्या दोन ठिकाणीच अडले आहे, कारण आकडेमोड संगणकाने केव्हाच उरकली आहे.

दोन्ही पद्धतींत मुळात काहीच फरक नसता, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे आठ आहे, एवढेच ०.०८ सांगते. फरक नसल्याचे त्यातून सिद्ध होत नाही, आणि गोष्टीची पद्धत सरस असण्याची शक्यता ९२ टक्के आहे, असा अर्थ तर मुळीच निघत नाही. ०.०५ ही मर्यादा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे रूढ झाली आणि ती सोयीची आहे, इतकेच. पी-मूल्य तिच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढ्यावरच शास्त्रीय निष्कर्ष काढू नयेत, असे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेही २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. गटांत विद्यार्थी किती होते, हे तुम्ही कळवलेले नाही. ते थोडे असतील तर खरोखरचा फरकही या चाचणीतून निसटू शकतो.

म्हणून आधी प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण आलेखावर ठिपक्यांनी मांडावेत आणि एका गटाला सरासरी किती शब्द अधिक आठवले, ते साध्या वाक्यात लिहावे. तो फरक वर्गात शिकवणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचा आहे का, हे कोणतीही चाचणी सांगणार नाही. ते भाषेच्या अभ्यासकानेच ठरवायचे असते. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांतील २६४ विक्रेत्यांचा 'र'चा उच्चार टिपला, तेव्हा त्यांच्या मांडणीचा कणा साध्या टक्केवारीचा होता आणि कस लागला तो प्रश्न नेमका आखण्यात. मात्र ०.०५ गाठेपर्यंत चाचण्या बदलत राहणे किंवा गैरसोयीचे गुण वगळणे, हा मोह कटाक्षाने टाळावा.

सॉफ्टवेअर हाताळण्यापुरती मदत जरूर घ्यावी, पण अर्थ लावण्याचे काम परक्यावर सोपवू नये. हीच चाचणी का निवडली, याचे उत्तर मौखिकीत तुम्हालाच द्यावे लागेल. मार्गदर्शकांकडे 'मला संख्याशास्त्र येत नाही' असे म्हणत जाण्यापेक्षा आलेख समोर ठेवून 'एवढ्या नमुन्यावर मी किती ठामपणे बोलू शकते?' असे विचारावे.