सिझेरियन गुंतागुंतीचं झालं, बाळंतीण आयसीयूत आहे. दुसऱ्याच दिवशी उठवून बसवणं योग्य आहे का?

हो, रक्तस्राव थांबला असेल आणि रक्तदाब व ऑक्सिजन स्थिर असेल तर योग्य आहे, गरजेचंही आहे. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि बाळंतपणानंतरही सुमारे ६ आठवडे धोका राहतो. त्यात ऑपरेशन आणि सतत पडून राहणं आलं, की पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती असते. शिवाय आयसीयूत स्नायू झपाट्याने झिजतात. व्हेंटिलेटर आहे म्हणून सगळंच थांबवायचं असंही नाही: २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, व्हेंटिलेटरवर असतानाच व्यायाम सुरू केलेले रुग्ण घरी जाताना जास्त स्वावलंबी होते. सुरुवात पलंगावरच करतात. आधी घोटे हलवणं, मग कुशीवर वळून, टाक्यांवर उशी दाबून बसणं, त्यानंतर खुर्ची. वेदनाशामक मात्र आधीच मिळायला हवं. टाके ठणकत असताना तिला ‘हिंमत कर’ म्हणणं अन्यायाचं आहे. पण जबरदस्ती नको. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना लवकर हालचाल करायला लावणाऱ्या २०२२ च्या ‘टीम’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोर लावून फायदा वाढला नाही, उलट त्रासदायक घटना वाढल्या. चक्कर, धाप किंवा ताजा रक्तस्राव दिसला तर लगेच आडवं करून डॉक्टरांना बोलवा.