पाच वाजले की बॅग उचलतात

प्रश्न : मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या शाखेत व्यवस्थापक आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरली. बाकी सगळी मुलं पंचविशी-तिशीतली. कामाला चोख आहेत, पण पाच वाजले की बॅग उचलतात. रजाही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळी होतात. आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत थांबलो. यांना बँकेबद्दल आपलेपणाच नाही का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : साहेब, मीही बँकेतूनच निवृत्त झाले, त्यामुळे तुमची तगमग कळते. पण आपण थांबायचो कशासाठी, ते आठवा. लेजर जुळत नसे म्हणून. चाळीस पैशांच्या फरकासाठी चार-चार जण एकेक व्हाउचर पुन्हा तपासत बसायचे. सहामाही क्लोजिंगला घरून डबे यायचे. आता ती जुळणी कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांना जोडणारी संगणक प्रणाली, करते. संध्याकाळी उरते ती बहुतेकदा विम्याच्या टार्गेटची व्हिडिओ मीटिंग. तिच्यासाठी मुलं थांबायला कुरकुरली, तर मी त्यांना दोष देणार नाही.

आपलेपणाचं म्हणाल, तर तुम्हाला बँकेची पेन्शन मिळणार आहे. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना ती नाही, एनपीएस आहे, म्हणजे पगारातून कापलेले आणि बँकेने घातलेले पैसे बाजारात गुंतवणारी योजना. म्हातारपणी हातात किती पडेल ते बाजार ठरवणार. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला हे रोज दिसतं.

मला वेगळंच विचारायचंय. तुमच्या शाखेत पंचेचाळीस-पन्नाशीचं कोणीच नाही ना? २०००-०१च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून लाखभर माणसं गेली, आणि त्या काळात कित्येक वर्षं कारकुनांची भरती जवळजवळ थांबलेली होती. मग २०११ मध्ये सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस या संस्थेची सामायिक परीक्षा आली आणि ही मुलं भराभर आत आली. तुमचं म्हणणं त्यांना आणि त्यांचं तुम्हाला समजावून सांगेल, अशी मधली फळी फारशी भरतीच झाली नाही. तुमच्या तक्रारीचं मूळ मला इथे दिसतं.

तेव्हा ते मधलं काम तुम्हीच करा. कर्जाच्या पाहणीला जाताना एकाला गाडीत घ्या. सात-बाऱ्यावर विहिरीची नोंद असते, पाणी आहे का ते बांधावर जाऊनच कळतं. कोणती द्राक्षबाग स्वतःची, कोणती वाट्याने केलेली, हे तुम्हाला तोंडपाठ आहे आणि कुठल्याच संगणकात नाही. तीन वर्षांनी ते तुमच्याबरोबर जाईल, याची मला मुलांच्या वेळेपेक्षा जास्त काळजी वाटते.

रजेचं एकदा स्पष्ट सांगून टाका : अचानक आजारपण असेल तर मेसेज चालेल, ठरलेली रजा आधी विचारून. मनात धुमसत राहू नका. मार्चअखेर किंवा ऑडिटला खरंच थांबावं लागणार असेल, तर सकाळीच सांगा आणि कशासाठी तेही सांगा. शाखेतल्या मुली शेवटच्या एसटीने जाणाऱ्या असतील, तर आधी त्यांच्या परतीची सोय करा, मग थांबा म्हणा.