एअर रायफलला ‘आर्मरर रेंच’ लागतो का?

नाही लागत. पैसे वाचवा, त्यातले थोडे भलत्याच ठिकाणी घालायला सांगणार आहे.

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहा मीटर एअर रायफल मारते, रायफल सेकंडहँड घेतलीय, स्टॉकचे (म्हणजे दस्त्याचे) स्क्रू महिन्या-दीड महिन्यात ढिले होतात, आणि व्हिडिओत पाहिलेला आर्मरर रेंच मागवायचा विचार आहे. तो रेंच चांगलाच असतो, पण तो अमेरिकेतल्या एआर-१५ जातीच्या रायफलींसाठी बनवलेला. त्याच्या एका टोकाला बॅरल नटात बसणारे दात, दुसरीकडे मागच्या नळीवरचा खाचांचा गोल नट फिरवायचा आकडा, आणि मध्ये टॉर्क, म्हणजे आवळायचा फिरता जोर, मोजणारा टॉर्क रेंच अडकवायला अर्ध्या इंचाचं चौकोनी भोक. यातला एकही नट तुमच्या रायफलीवर नाही. त्या बॅरल नटाला ३० ते ८० फूट-पाऊंड टॉर्क सांगतात, म्हणजे साधारण ४० ते १०८ न्यूटन-मीटर. गाडीच्या चाकाचे नट याच घरातले. तुमच्या मुलीच्या स्टॉकच्या स्क्रूला बहुतेक मॅच (स्पर्धेच्या) रायफलींत ५ न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो. नेमका आकडा तिच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा, पण फरक केवढा आहे ते लक्षात आलं असेल. बैलाचा नाल घोड्याला ठोकण्यातला प्रकार आहे.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका टूलरूममध्ये पंचवीस वर्षं काढली आणि घरात एक नेमबाज वाढवला, तेव्हा दोन्हीकडचं थोडं कळतं. पाना कधीच मशीन बघून घ्यायचा नसतो. कुठला स्क्रू, कुठलं डोकं, किती टॉर्क, एवढं बघून घ्यायचा.

आता ५ न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती, ते सांगतो. ५ मिलिमीटरच्या साध्या एल आकाराच्या ॲलन कीचा लांब दांडा ऐंशी मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याच्या टोकावर सहा-साडेसहा किलोचा जोर आला की झाले ५ न्यूटन-मीटर. एवढा जोर आपण दोन बोटांनी सहज देतो आणि वर ‘अजून एक पाव फेरा’ म्हणून दातओठ खातो ते वेगळंच. टी-हँडल असेल तर दोन्ही हात लागतात आणि कधी दुप्पट झालं ते कळतही नाही. टी-हँडल स्क्रू भराभर काढायला-घालायला झकास. शेवटचा आवळ त्याने द्यायचा नाही.

हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री मी पोराच्या रायफलीच्या चीकपीसचा (गाल टेकवायच्या भागाचा) स्क्रू ‘जरा बघतो’ म्हणून टी-हँडलने आवळला. ॲल्युमिनियमचा भाग, स्टीलचा स्क्रू. किर्र असा बारीक आवाज आला आणि हाताखाली एकदम मऊ लागलं. आटे गेले. रात्री अकराला सातपूरच्या एका मित्राला उठवून हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची वळी, घालून घेतली. पोरगं स्पर्धेला गेलं, पण दोन दिवस माझ्याशी धड बोललं नाही.

तर घ्यायचं काय? पहिलं, कमी रेंजचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर, १ ते ५ किंवा १ ते ६ न्यूटन-मीटरचा, पाव इंची हेक्स (षटकोनी) बिट बसणारा. पुस्तिकेत नेमके ५ असतील तर ६ वाला घ्या, रेंजच्या अगदी टोकावर काम नको. गॅरेजवाल्याचा २० ते १०० चा क्लिक रेंच उसना आणू नका. तो पाचवर सेटच होत नाही, आणि कुठलाही टॉर्क रेंच त्याच्या रेंजच्या तळाला भरवशाचा नसतो. नवीन घेताना सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागा. १० न्यूटन-मीटरपर्यंतच्या अवजारांना आयएसओ ६७८९ या टॉर्क अवजारांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ६ टक्के इकडे-तिकडे चालतं, आपल्या कामाला तेवढं पुरे. वापरून झाल्यावर स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, ताणलेली ठेवली की वर्षभरात आकडा खोटा बोलायला लागतो. आपल्याकडे औद्योगिक वसाहतीत एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅब आहेत, कंपनीत ओळख असेल तर तिथून तपासून घ्या.

दुसरं, बिट आणि कीज. माझा खरा हट्ट इथे आहे. जर्मन बनावटीच्या रायफली, म्हणजे फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अन्शुट्झ, सगळ्या मिलिमीटरच्या मापात. घरातल्या डब्यात मात्र इंची आणि मिलिमीटर कीज एकत्र लोळत असतात. ३/१६ इंचाची की म्हणजे ४.७६ मिलिमीटर. ती ५ च्या खाचेत जाते, फिरवतेसुद्धा, आणि पाव मिलिमीटरच्या खुळखुळ्यात दर वेळी कोपरे थोडे थोडे खाते. सेकंडहँड रायफल आहे, म्हणून आधी टॉर्च घेऊन स्क्रूच्या डोक्यात बघा. खाच गोलसर, चकचकीत झाली असेल तर आधीच्या मालकाने हेच केलंय. असा स्क्रू बदलाच, त्याच लांबीचा आणि त्याच ग्रेडचा. की घ्यायची तर एका नामांकित कंपनीचा पूर्ण मिलिमीटर सेट. तापडियाचा कारखाना तर आपल्या सातपुरातच, त्र्यंबक रोडला. गोल टोकाची बॉल-एंड की तिरक्या जागी सोयीची, पण ती फक्त फिरवायला. आवळायला सरळ टोकाची.

स्क्रू ढिला का होतो, हा प्रश्न रेंचच्या आधीचा. लाकडी स्टॉक असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिलमध्ये आकसतं, आणि मेमध्ये स्क्रू ढिला वाटतो. प्रत्येक ऋतूत एकदा टॉर्क बघा, रोज नको. आट्यांना कुणी तेल लावलंय का तेही बघा. तेलकट आट्यांवर त्याच आकड्याला आवळ जास्त बसतो, लाकूड दबतं आणि पुढच्या वेळी पुन्हा ढिलं. कापडाने पुसून कोरडे करा. स्प्रिंगची रायफल असेल तर तिचा दणका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, तिचे स्क्रू ढिले होणारच.

दोन स्क्रू असतील तर आलटून पालटून, तीन टप्प्यांत: २, मग ४, मग पूर्ण आकडा. त्यानंतर कार्डावर पाच गोळ्या. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे आवळ बदलला तर ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, सरकलेला दिसू शकतो. तो आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी मुलीला ‘आज माझं काय चुकतंय’ असं वाटायच्या आधी वही उघडता येईल.

एका गोष्टीला मात्र कुठलाच पाना लावू नका: हवेच्या सिलिंडरला. तो हातानेच बसतो आणि हातानेच निघतो. आत साधारण २०० बार दाब असतो. हाताने निघत नसेल तर तसाच सर्व्हिसवाल्याकडे न्या. स्प्रिंगची रायफल असेल तर ती आतून उघडायची नाही, स्प्रिंग दाबून धरणारं साधन नसेल तर बोटं जातात.

मॉडेल कुठलं आहे आणि स्टॉक लाकडी की ॲल्युमिनियमचा, ते कळवा, म्हणजे बिटची मापं सांगतो. सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघून लिहा. या कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेल्या सिलिंडरची जबाबदारी आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात नेमबाजावरच टाकलीय. सेकंडहँड रायफलीत मी स्क्रूच्या आधी तेच बघतो.