रिकामा ट्रक वाऱ्याने खरंच उलटतो का? आणि रेल्वेला वाऱ्याची भीती असते का?

हो, दोन्हींना धोका असतो. भरलेल्यापेक्षा रिकाम्या गाडीला जास्त.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी १०० किमीचा वारा मोठ्या बंद कंटेनरच्या बाजूवर आडवा आला, तर साधारण दीड-पावणेदोन टनांचा रेटा बसतो. भरलेली गाडी तो सहन करते. रिकामीला तेवढंच मोठं 'शीड' असतं, पण खाली धरून ठेवायला वजन नसतं. त्यातही वाईट म्हणजे झोत. डोंगराच्या किंवा इमारतीच्या आडोशातून बाहेर पडताच वारा एकदम आदळतो आणि ड्रायव्हर स्टिअरिंग नको तितकं फिरवतो.

रेल्वेचं इंजिन जड असतं, सगळे डबे तसे नसतात. जपानमध्ये २८ डिसेंबर १९८६ रोजी अमारुबे पुलावरून रिकाम्या गाडीचे डबे वाऱ्याने सुमारे ४० मीटर खाली, एका कारखान्यावर कोसळले. सहा जण गेले. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलावर २ जानेवारी २०१९ रोजी तर मालगाडीवर ठेवलेला ट्रकचा ट्रेलरच वाऱ्याने सरकला आणि समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळला, आठ मृत्यू. (तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच अपघातात!)

म्हणून पुलांवर वाऱ्याचा वेग मोजतात आणि ठरावीक मर्यादेपुढे गाड्या हळू चालवतात किंवा थांबवतात. ट्रकवाल्याने वेग कमी करावा, ताडपत्री आवळावी आणि रिकामी गाडी असेल तर सरळ थांबावं. कारवाल्यांनी अशा वेळी ट्रकच्या शेजारी रेंगाळू नये.