पासपोर्टची पिशवी : सात देश की तीन गावं?

पत्रं बरीच साठली आहेत, म्हणून या वेळी प्रस्तावना नाही. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की एसटीच्या हिशेब खात्यात 31 वर्षं काढलेली मी बाई आहे. विमानाचं तिकीटसुद्धा मी वहीत जमा-खर्चाचे रकाने आखूनच काढते.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. एकदा युरोप पाहायचा आहे. टूरवाले दहा दिवसांत सात देश दाखवतात, माणशी 2 लाख 80 हजार. मुलगा म्हणतो, तुमचे तुम्हीच जा. त्यानं तिकीटही शोधलंय : माणशी 48 हजार, दोन थांबे, दोन वेगळ्या कंपन्या. आम्ही शाकाहारी, इंग्रजी कामापुरतं. जमेल का? (सांगली)

सर, जमेल. फक्त मुलानं शोधलेलं ते तिकीट घेऊ नका.

दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं असली की पहिल्या विमानाला उशीर झाल्याचं दुसऱ्या कंपनीला काही सोयरसुतक नसतं. तुमच्याशिवाय विमान उडतं आणि तिकीट बुडतं. 2017 साली आमच्या ह्यांनी असंच तिकीट शोधून 11 हजार वाचवले होते. आखातात पहिलं विमान अडीच तास उशिरा उतरलं. बॅग इमिग्रेशनच्या पलीकडच्या पट्ट्यावर आणि आम्ही अलीकडे, कारण त्या देशाचा व्हिसाच नव्हता. रात्र लोखंडी बाकावर काढली आणि सकाळी नवी तिकिटं घेतली, दोघांचे 38 हजार. ते 11 हजार मी वहीत ‘बचत’ या रकान्यात लिहिले होते. अजून खोडलेले नाहीत. अधूनमधून ह्यांना दाखवायला बरे पडतात.

तेव्हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. म्हणजे बॅग मुंबईत दिली की थेट शेवटच्या गावाला मिळते, आणि मधलं विमान चुकलं तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम. थांबा एकच ठेवा आणि त्यात अडीच-तीन तास हाताशी ठेवा. तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ नावाची खिडकी उघडा. जायचं एका गावाला आणि परतायचं दुसऱ्या गावाहून, असं तिथे मागता येतं. परतीसाठी पहिल्या गावी उलटं जाण्याचा वेळ आणि गाडीभाडं दोन्ही वाचतं.

आता सात देशांचं. दहा दिवसांत सात देश म्हणजे मुक्काम पोस्ट बस. मी एसटीतली आहे, बसला नावं ठेवणार नाही. पण बसमधून खिडकीच दिसते. आम्ही गेल्या सप्टेंबरात (पितृपंधरवड्यात निघालो म्हणून नणंदेनं नाक मुरडलं, पण भाडं उतरलेलं होतं) तीनच गावं केली : बुडापेस्ट चार रात्री, व्हिएन्ना तीन, प्राग चार. बुडापेस्टहून व्हिएन्ना रेल्वेनं पावणेतीन तासांच्या आत, व्हिएन्नाहून प्राग साधारण चार तास. स्टेशनं शहरातच. तिकिटं महिना-दीड महिना आधी काढली तर फार स्वस्त पडतात, ऐन वेळी दुपटीच्या वर जातात.

वहीतला खर्च तसाच उतरवते, दोघांचा मिळून. विमान 1 लाख 24 हजार. व्हिसा, त्याचं सेवाशुल्क आणि विमा 26 हजार. राहणं 77 हजार. रेल्वे-ट्राम 22 हजार. खाणं 31 हजार. बाकी तिकिटं आणि किडूकमिडूक 20 हजार. एकूण 3 लाख. टूरमध्ये एका माणसाला जेवढं लागतं त्यात जरा भर घातली की दोघं आलात.

खाण्याचे 31 हजार कसे, असं मला सगळे विचारतात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यायची, एवढंच. सकाळी पोहे किंवा उपमा तिथेच करायचा, डब्यात पोळीऐवजी त्यांचा पाव, चीज, काकडी. रात्री खिचडी. दुपारी मात्र बाहेरचं खायचं, नाहीतर घरी बसलेलं काय वाईट? बुडापेस्टला लांगोश मिळतो. आपल्या भटुऱ्याचा चुलतभाऊ म्हणा, वर लसूण चोळून आंबट साय आणि चीज घालतात. प्रागला तळलेल्या चीजची वडी मिळते. पाणी विकत घेऊ नका, तिन्ही गावांत नळाचं पितात. व्हिएन्नाच्या नळाला तर आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून.

एक ठेच मात्र आम्हाला लागली, ती तुम्हाला लागू नये. व्हिएन्नात आम्ही शनिवारी संध्याकाळी साडेसहाला उतरलो. किराणा दुकानं सहालाच बंद झालेली. रविवारी तर ऑस्ट्रियात सगळीच बंद असतात, सणासुदीला असावीत तशी. रविवारी दुपारपर्यंत मेतकूट-भात खाल्ला. मग शेजारच्या बाईंनी खुणेनं सांगितलं, की मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान उघडं असतं. तिथली रांग पाहून वाटलं, अख्खं गाव आमच्यासारखंच शनिवारी उशिरा उतरलंय.

आणि ट्रामचं तिकीट. तिथे कंडक्टर नाही. कागदी तिकीट घेतलं की डब्यातल्या किंवा स्टेशनावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवायचा. न उमटवलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. साध्या कपड्यातले तपासनीस चढतात आणि व्हिएन्नात दंड शंभर युरोच्या वर आहे. माझ्यासमोर एका पोरानं खिशातून कोरं, कडक, बिनशिक्क्याचं तिकीट काढून अभिमानानं दाखवलं. तपासनिसानं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि शांतपणे पावतीपुस्तक काढलं. आमच्या खात्यातली माणसं बिनवर्दीची असती तर किती आगारांचं भलं झालं असतं, असं वाटून गेलं.

फुकटातलं बरंच आहे. व्हिएन्नात शॉनब्रुन राजवाड्याची बाग, पैसे फक्त आतल्या दालनांचे. प्रागला चार्ल्स पूल, पण सकाळी सहाला जा. नऊनंतर तो दादर स्टेशनचा पूल होतो. बुडापेस्टला 2 नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाकाठानं संसदेजवळून जाते. साधं तिकीट काढून आम्ही दिवे लागल्यावर पहिल्या थांब्यापासून शेवटच्यापर्यंत बसलो. बोटीवाले त्याच देखाव्याचे कितीतरी पट घेतात.

पैशांचं : हंगेरीत फोरिंट, चेक देशात कोरुना, युरो फक्त ऑस्ट्रियात. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘रुपयांत वळते करू का?’ असं अगत्यानं विचारतं. नाही म्हणायचं आणि तिथलंच चलन निवडायचं. रुपये निवडलेत तर दर त्यांचा. प्रागच्या चौकात ‘शून्य कमिशन’ अशा पाट्या दिसतात. कमिशन शून्यच असतं, मारायचं ते दरात मारलेलं असतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, तो तिन्ही देशांना चालतो. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. आमच्या बुडापेस्ट आणि प्रागच्या चार-चार रात्री, म्हणून अर्ज हंगेरीकडे. शुल्क 90 युरो, विमा किमान 30 हजार युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत नाही. व्हिसा हातात पडेपर्यंत खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या. इंग्रजीची काळजी सोडा. तिकडच्या म्हाताऱ्यांचंही कामापुरतंच असतं, आपलं बरं चालतं.

प्रश्न : पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली तर चालेल का? 20 हजार एमएएचची आहे. (नाशिक)

नाही. हातातल्या बॅगेतच. मर्यादा 100 वॉट-तासांची असते. एमएएचला हजारानं भागून 3.7 व्होल्टनं गुणलं की वॉट-तास येतात. तुझी साधारण 74 ची आहे, म्हणजे बसते. तिच्यावर छापलेले आकडे पुसट झाले असतील तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात, माझ्या भाच्याची ठेवली. विमानात ती वरच्या कप्प्यात न टाकता डोळ्यांसमोर ठेव. तापली तर कळायला हवं.

प्रश्न : मी 62 वर्षांची. लेक न्यू जर्सीत असते, पहिलं बाळंतपण आहे. मुंबईहून थेट न्यू यॉर्क, तिकिटावर सोळा तास दाखवलेत. एकटी जाणार. बीपीची गोळी चालू आहे, आणि चिपळूण-मुंबई बसमध्येच माझे पाय सुजतात. फार धास्ती वाटते. (चिपळूण)

ताई, धास्ती वाटणारच. मीही पहिल्यांदा विमानाच्या दारात कुलदैवताला नारळ बोलले होते. एकटं जायचं तर थेट विमान घेतलंत हे उत्तम केलंत.

पाय सुजतात ते बसून राहिल्यानं. आधी डॉक्टरांना भेटा, बीपी आहे म्हणून आणि पायांत पूर्वी कधी रक्ताची गाठ झाली असेल तर नक्कीच. पोटरीवर घट्ट बसणारे लांब मोजे मिळतात. ते तुमच्या मापाचे आहेत ना, हे डॉक्टरांनाच विचारा. ते चढवायचे घरून निघताना, सूज यायच्या आधी. चप्पल सैल घाला. पाय सुजल्यावर बूट काढले, की उतरताना ते परत चढत नाहीत, आणि इमिग्रेशनच्या रांगेत मोज्यांवर उभं राहावं लागतं. मी राहिले आहे.

जागा रस्त्याकडची मागा. खिडकीतून सोळा तास काही दिसत नाही, आणि उठायचं तर दोन झोपलेल्या माणसांवरून ओलांडून जावं लागतं. दर तास-दीड तासानं उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जायचं, एक पेला पाणी मागायचं, पिऊन परत यायचं. चालणंही होतं, पाणीही होतं. बसल्या जागी शिवणयंत्राचा पायटा मारावा तसे टाच-चवडा, टाच-चवडा करत राहा.

पाण्याचं एवढं का? विमानातली हवा फार कोरडी असते आणि विरळही. आपण कळसूबाईच्या माथ्यावर चढलो तरी 5,400 फूट होतात. विमानाच्या आत हवेचा दाब 6,000 ते 8,000 फुटांवर असावा तेवढा ठेवतात. म्हणजे सोळा तास तुम्ही कळसूबाईच्याही वर बसलेल्या असता. पाहायचं असेल तर पाण्याची रिकामी बाटली वरती असताना घट्ट बंद करून ठेवा. उतरल्यावर ती पिळून काढल्यासारखी चेपलेली असते. आपल्या ओठांचं आणि डोक्याचं काय होत असेल ते त्यावरून ओळखा. चहा-कॉफी बेतानं घ्या.

गोळ्या सगळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. बीपीची गोळी घड्याळ बदलल्यावर कधी घ्यायची, तेही त्यांच्याकडूनच लिहून आणा. न्यू यॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

जेवण तिकीट काढतानाच नोंदवा, आणि इथे एक गंमत लक्षात ठेवा. ‘हिंदू जेवण’ मागू नका! शाकाहारी असेल अशा समजुतीनं माझ्या जावेनं ते मागितलं, तर ताटात कोंबडी आली. त्या प्रकारात गोमांस नसतं, बाकी मांस असू शकतं. आपल्याला हवं त्याचं नाव ‘एशियन व्हेजिटेरियन’. नोंदवलेली ताटं सहसा आधी येतात. शेजारचा हेव्यानं बघत राहतो.

व्हीलचेअरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लेक ती सुचवणार. आधी नोंदवली तर पैसे पडत नाहीत. चालता येत असेल तर घेऊ नका असं माझं मत होतं. मग एकदा दीड तास इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिले आणि मत थोडं मऊ झालं. तरी ज्यांचे गुडघे खरंच गेलेत त्यांच्या वाट्याची खुर्ची आपण नुसत्या भीतीनं अडवू नये. भाषेची भीती असेल तर एका कागदावर लेकीचा पत्ता, फोन, किती दिवस राहणार आणि परतीची तारीख इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. अधिकारी तेवढंच विचारतो. परतीचं तिकीट छापील ठेवा, फोन ऐन वेळी झोपतो.

आणि डिंकाचे लाडू न्यायचे असतील तर उतरल्यावरच्या तपासणीत ‘खाण्याचं आहे’ असं आपणहून सांगा. सांगून फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड.

प्रश्न : मुलगा जर्मनीत शिकतो. कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, पेढे, साजूक तूप आणि आमरसासाठी हापूस न्यायचाय. बॅग 23 किलोची आहे. (कोल्हापूर)

वहिनी, एकेक घेऊ. मसाला चालेल, पण मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत तिखटाची पूड आपल्याच विमानतळावर काढून ठेवतात. लोणच्याचंही तेच. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र, वर डबा.

पेढे, तूप, पनीर, खवा नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला प्रवाशांना बंदी आहे. कढीपत्ताही नाही. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून हापूसही राहू द्या. 2014 च्या मे महिन्यात फळमाशीपायी युरोपनं आपल्या आंब्यावर सरसकट बंदी घातली होती. ती उठली, पण तपासणी ढिली झालेली नाही. डबाबंद रस न्या.

आणि खोबरं तर सगळ्यात आधी बाहेर काढा. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून मोठ्या बॅगेत टाकायला मनाई आहे. मुंबईत क्ष-किरणात दिसलं की बॅग उघडायला बोलावतात, तुम्ही तोवर वरती पोचलेल्या असता, आणि मग पळापळ. त्याऐवजी भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि कोकम न्या. 23 किलो घरच्या वजनकाट्यावर नीट कळत नाही. आधी एकट्या उभ्या राहा, मग बॅग उचलून, आणि वजाबाकी करा. किलोभर कमीच भरा. काउंटरवर बॅग उघडून पोरासाठी भरलेलं काय काय परत काढायचं, हे दहा लोकांसमोर ठरवणं फार जिवावर येतं.