कुलमुखत्यार कुळातलाच लागतो का?

प्रश्न : मोठा भाऊ दुबईला असतो, इथल्या फ्लॅटच्या कामांसाठी त्याने मला कुलमुखत्यारपत्र करून दिलंय. सासरे म्हणतात, कुळातल्याच माणसाला देतात म्हणून कुल आणि मालकाच्या मुखाने बोलतो म्हणून मुखत्यार. हे खरंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सासरेबुवांची कल्पना झकास आहे, पण नाही हो. दोन्ही शब्द मूळ अरबी, फारसीच्या वाटेने दरबारी मराठीत आले आणि कोर्टकचेरीत मुक्काम ठोकून बसले. कुल म्हणजे सगळं, आपल्या ‘बिलकुल’मधला कुल तोच. त्यामुळे नात्याची अट वगैरे काही नाही, विश्वास असेल तर शेजाऱ्यालाही देता येतं. (सातबाऱ्यावरचं कूळ आणखी निराळं, ते यात आणू नका, आधीच गोंधळ कमी नाही.) मुखत्यार म्हणजे मूळचा मुख्तार, निवडलेला, ज्याला ठरवायचा हक्क दिलाय असा. त्याचंच भावंड इख्तियार, ज्याचं आपण अखत्यार केलं, आणि मग ‘हे माझ्या अखत्यारीत येत नाही साहेब’ हे वाक्य ऑफिसात रोज ऐकायला लागलो. दोघांच्या मुळाशी जो धातू आहे त्यातूनच ‘खैर’ निघालाय, ‘आता तुझी खैर नाही’मधला.

वकील हाही त्याच कामाचा शब्द, दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी ठेवलेला माणूस, काळा कोट नंतरचा. 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवलं, तेही पेशव्यांच्या नावे, स्वतः त्यांचे नायब झाले. तेव्हा सवाई माधवराव जेमतेम दहा वर्षांचे, म्हणजे बादशहाच्या वतीने पेशवे आणि पेशव्यांच्या वतीने महादजी, आता बोला!

आता तुमच्या कामाचं. नाव कुल असलं तरी अधिकार कागदात लिहिलेत तेवढेच, म्हणून फ्लॅट विकायचा असेल तर विक्रीचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. आणि भाऊ हयात असेपर्यंतच सहसा ते चालतं. सहीच्या जागी आधी भावाचं नाव, पुढे ‘तर्फे कुलमुखत्यार’ आणि मग तुमचं नाव येतं, त्याखाली सही तुमची स्वतःची करा, भावाची गिरवत बसू नका.