वाळूवरचा डॉल्फिन आणि पशुवैद्यकाचे हात

डॉल्फिनवर उपचार करायला शिकायचं कुठे, असं विचारणारी बरीच पत्रं पशुवैद्यकीय शाखेतल्या मुलामुलींकडून आली. दोन पत्रं मात्र विद्यार्थ्यांची नाहीत, आणि त्यांनीच मला जास्त विचार करायला लावला. या वेळी त्यांतल्या पाच पत्रांना उत्तरं देतो.

मी मुंबईत बी.व्ही.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. परदेशात डॉल्फिनसोबत दोन आठवड्यांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण आहे, खर्च काही लाख. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. जाऊ का?

कर्ज काढून जाऊ नकोस. आधी त्यांना पत्र लिहून विचार: शिकवणारे पशुवैद्यक कोण, प्रयोगशाळेत आणि शवविच्छेदनाला किती तास, आणि तिथले डॉल्फिन आले कुठून? माहितीपत्रकात डॉल्फिनला मिठी मारतानाचेच फोटो असतील तर ती सहल आहे, हे ओळख. अमेरिकेत कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया या दोन विद्यापीठांनी 1977 मध्ये ‘ॲक्वाव्हेट’ हा जलचरांच्या वैद्यकाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात डॉल्फिनसोबत मासे, कालवं, कोळंबी यांचे रोगही शिकवतात. गंभीर अभ्यासक्रम असा असतो.

चांगल्या केंद्रात काय दिसतं तेही सांगतो. शिकवलेला डॉल्फिन आपणहून उताणा होतो आणि शेपटीचं पातं काठावर ठेवतो. त्या पात्यात धमनीभोवती शिरांचं जाळं असतं, तिथून रक्त घेतात. मग श्वासछिद्रावर काचेची बशी धरायची, खुणेसरशी तो जोरात श्वास सोडतो आणि उडालेले तुषार सूक्ष्मदर्शकाखाली जातात. तुझ्या हातचं काम दोन मिनिटांचं, त्यामागे प्रशिक्षकाची कित्येक महिन्यांची मेहनत. बघण्यासारखं आहे, यात शंका नाही. पण आपल्या किनाऱ्यावर तुला जो डॉल्फिन भेटेल तो शेपटी पुढे करणार नाही. म्हणून इंटर्नशिप होऊ दे, शिष्यवृत्तीसाठी अर्ज कर, मग जा.

आपल्याकडेच एखादं डॉल्फिनेरियम, म्हणजे टाकीत डॉल्फिन ठेवणारं केंद्र, असतं तर आम्हाला बाहेर जावं लागलं नसतं. ते का नाही?

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे 2013 मध्ये डॉल्फिनेरियमना मनाई केली. मला तो निर्णय मनापासून पटतो. रोज मैलोन्‌मैल पोहणारा, आवाजाच्या प्रतिध्वनीवर जग ओळखणारा प्राणी सिमेंटच्या टाकीत ठेवून तुम्हाला शिकवावं, असं मला वाटत नाही. शिकायला दुसरी वाट आहे, ती चौथ्या उत्तरात.

मी गुहागर तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या किनाऱ्यावर डॉल्फिन जिवंत लागला होता. पोरांनी डोक्यावर बादल्या ओतल्या, शेपटीला दोर बांधून ओढला. तासाभरात गेला. पशुवैद्यकांनी गुंगीचं इंजेक्शन द्यायलाही नकार दिला. कुणाचं चुकलं?

गुरुजी, पोरांचा हेतू चांगला होता, त्यांना रागावू नका. पण डॉल्फिनचं नाक डोक्यावर असतं. त्या छिद्रात पाणी गेलं की ते थेट श्वासनलिकेत जातं. तोंडाने श्वास घ्यायची सोय त्याला नाही. शेपटीला दोर लावून ओढलं की मणके आणि स्नायू दुखावतात, आणि शेपटीवरच तर त्याचं सगळं पोहणं चालतं.

दुसरं असं की, पाण्यात तरंगणारं दीड-दोनशे किलोंचं शरीर वाळूवर आलं की आपल्याच वजनाखाली दबतं. छाती नीट फुलत नाही, खालचे स्नायू चेंगरतात. कातडीखाली चरबीचा जाड थर, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः वल्ह्यासारखे पर आणि शेपटी यांतून. ऊन लागलं की तो आतल्या आत तापतो. म्हणून त्याला पोटावर सरळ ठेवा, दोन्ही परांखाली वाळू उकरून खड्डे करा, वर सावली धरा. ओली चादर अंगावर टाका, पण श्वासछिद्र उघडं राहू द्या. गर्दी हटवा, आवाज बंद करा आणि वनविभागाला 1926 वर कळवा. उचलायचाच झाला तर ताडपत्रीच्या झोळीत, आठ-दहा जणांनी मिळून.

गुंगी न देणाऱ्या पशुवैद्यकांचं बरोबर होतं. आपण झोपेतही नकळत श्वास घेतो. डॉल्फिनचा प्रत्येक श्वास जाणीवपूर्वक घेतलेला असतो. 1955 मध्ये फ्लोरिडात संशोधकांनी डॉल्फिनना भूल दिली, त्यांचा श्वास थांबला आणि ते मेले. पुढे साठच्या दशकात सॅम रिजवे या अमेरिकी नौदलाच्या पशुवैद्यकाने कृत्रिम श्वासयंत्र जोडून सुरक्षित भूल देण्याची पद्धत बसवली. तुमच्या वाळूवर ते यंत्र कुठून येणार?

जिवंत डॉल्फिन नाही, टाकी नाही. मग ‘प्रात्यक्षिक’ शिकायचं कशावर?

मेलेल्यावर. हे उत्तर ऐकून वाईट वाटेल, पण माझं सगळं शिक्षण तसंच झालं. किनाऱ्यावरच्या तालुक्यात डॉल्फिन लागला की फोन जातो तो पशुधन विकास अधिकाऱ्याला. सकाळी म्हशीची अडकलेली वार काढलेला माणूस दुपारी डॉल्फिनसमोर उभा असतो. उद्या तो माणूस तू असशील.

प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधला, तेव्हा वनविभागाच्या परवानगीशिवाय आणि पंचनाम्याशिवाय हात लावायचा नाही. मग आधी टेपने लांबी. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. त्यानंतर कातडी बघ. परांच्या पुढच्या कडेला आणि जबड्याच्या कोपऱ्यात बारीक, सरळ काप दिसले तर जाळ्याचा संशय घे. श्वासनलिकेत फेस आहे का, चरबीचा थर किती मिलिमीटर, सगळं लिहून ठेव. जठराला कप्पे असतात. पहिला ग्रंथी नसलेला, म्हणजे रुमेन (गाईम्हशींच्या जठराचा पहिला कप्पा) शिकलेल्या मुलाला ओळखीचा वाटणारा. त्यात माशांच्या कानातले खडे सापडतात. ते बारीक, पांढरे खडे चाळणीत धुऊन घेतले की त्यावरून कुठला मासा खाल्ला ते कळतं. दात काप, त्यातले थर झाडाच्या वलयांसारखे मोजून वय काढतात. नमुने टिकवायला ऊतीच्या दहापट फॉर्मॅलिन घे, कमी नको.

माझ्या पहिल्या शवविच्छेदनाला भरती चढत होती, वास असह्य झाला होता. मी जठर न उघडताच पुरायला सांगितलं. त्या मादीने शेवटचं काय खाल्लं होतं, पोटात प्लास्टिक होतं का, हे आता कुणालाच कळणार नाही. त्याची खंत आजही आहे.

जिवंत प्राण्यावर हात बसवायचा असेल तर डहाणूच्या कासव उपचार केंद्रात जा. जाळ्यात पर गमावलेली ऑलिव्ह रिडले कासवं तिथे येतात. जखम बांधणं, सलाईन देणं, नळीने भरवणं, सगळं शिकायला मिळेल. सोबत केंद्र सरकारची जानेवारी 2021 ची किनाऱ्यावर लागलेल्या समुद्री प्राण्यांबाबतची मार्गदर्शक सूचना वाच. आणि सुट्टीत एखाद्या बंदरावर चार दिवस काढ. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर राज्याचा वनविभाग 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतो, ही योजना डिसेंबर 2018 पासून आहे. ती मच्छीमारांना समजावून सांगणं हेही मी पशुवैद्यकाचंच काम मानतो. जाळ्यातून सुटलेल्या डॉल्फिनला बहुधा औषध लागतच नाही.

मुलगी हे काम करायचं म्हणते. तिला काही रोग तर लागणार नाही ना?

ताई, काळजी रास्त आहे. डॉल्फिनमध्ये ब्रुसेला या जिवाणूची एक जात आढळते, आणि एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा जिवाणू कापलेल्या बोटातून शिरतो. पण ब्रुसेला गाईम्हशींतही असतो, आणि तिथे ती रोजच हात घालणार आहे. दुहेरी हातमोजे, मास्क, गमबूट, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी सुरी दुसऱ्याकडे. गर्भ आणि वार हाताळताना तर कधीच घाई नको. एवढं पाळलं तर तिला जाऊ द्या.

तिला एका गोष्टीची मात्र तुम्ही आधीच कल्पना द्या. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूवर लागलं. वनविभाग, गावकरी, बोटी, सगळे रात्रंदिवस झटले आणि त्याला पाण्यात नेलं. तरी ते मेलं. आईपासून तुटलेलं दूधपितं पिल्लू समुद्रात सोडलं तरी सहसा जगत नाही. अशा संध्याकाळी ती घरी येईल तेव्हा जेवायला वाढा, लगेच काही विचारू नका.